ढोल-ताशा पथकाचा व्हॉट्सअ‍ॅप: वादकांचे नंबर कोणाला दिसावेत?

नोंदणी झाली की पहिला मोह होतो तो एकच ग्रुप उघडून सगळ्या वादकांना त्यात टाकण्याचा. ग्रुपमध्ये 1024 जण मावतात, त्यामुळे अडत काहीच नाही. पण त्याच क्षणी प्रत्येकाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसायला लागतो. नव्या मुलींना सरावाच्या पहिल्याच आठवड्यात अनोळखी 'हाय' येतात ते इथूनच. दिसलेला नंबर परत झाकता येत नाही, म्हणून माणसं घेण्याआधीच मांडणी ठरवा.

ग्रुपऐवजी कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एकाच छत्राखाली ठेवायची सोय, उघडा. तिच्याबरोबर घोषणांचा ग्रुप आपोआप तयार होतो. तिथे लिहायचं अ‍ॅडमिननेच, आणि साध्या सदस्यांना अनोळखी सदस्यांचे नंबर दिसत नाहीत. अ‍ॅडमिनला मात्र सगळे दिसतात. तेव्हा अ‍ॅडमिन दोन-तीनच ठेवा. ते काही मानाचं पद नाही. सरावाची वेळ, नदीपात्रात नेमकं कुठे जमायचं, पाऊस आला तर काय, हे सगळं इथेच टाका.

तिच्याखाली ढोल, ताशा, ध्वज असे छोटे ग्रुप करा. यांत नंबर दिसतातच, म्हणून ज्यांना एकमेकांशी रोज बोलावं लागतं तेवढेच जण घ्या. सेटिंगमध्ये नव्या सदस्यांसाठी अ‍ॅडमिनची मंजुरी चालू करा. ग्रुपची लिंक इन्स्टाग्रामवर किंवा फ्लेक्सवर कधीच नको. कोणीतरी हौसेने टाकतोच. मग लिंक रीसेट करायची, की जुनी चालत नाही. आत आलेले मात्र आतच राहतात, त्यांना एकेक करून काढावं लागतं.

हजेरीसाठी पोल सोयीचा, पण त्यात दोन खाचा आहेत. एकापेक्षा जास्त उत्तरांची मुभा आधीपासून चालू असते. ती बंद केली नाही तर एकच वादक 'येणार' आणि 'नाही' दोन्ही दाबून मोकळा होतो. दुसरं, कोणी काय दाबलं ते नावानिशी सगळ्यांना दिसतं. फी कोणाची राहिली, कोणाची तब्येत बरी नाही, असले प्रश्न पोलवर विचारू नका.

रक्तगट, पत्ता, पालकांचा नंबर ही माहिती गूगल फॉर्मवर घ्या. फॉर्मच्या सेटिंगमध्ये उत्तरांचा गोषवारा दाखवण्याचा पर्याय बंद असल्याची खात्री करा. खरी गळती होते ती उत्तरांच्या शीटमधून. घाईत ती 'लिंक असलेल्या कोणालाही' उघडी केली जाते आणि तशीच राहते. 'मर्यादित' ठेवून ज्यांना गरज आहे त्यांचेच ईमेल जोडा.

मिरवणुकीचे मार्ग आणि वादनाच्या वेळा विचारणाऱ्या रसिकांना यातल्या कशातच घेऊ नका. त्यांच्यासाठी वेगळं चॅनल काढा. फॉलोअर एकमेकांना दिसत नाहीत, अ‍ॅडमिनचा नंबरही त्यांना कळत नाही. पण चॅनलवरचा मजकूर चॅटसारखा एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (फक्त पाठवणारा-घेणाराच वाचू शकेल असा) नसतो, तेव्हा तिथे जाहीर करण्याजोगंच लिहा. ब्रॉडकास्ट लिस्टचा इथे उपयोग नाही: तिची मर्यादा 256 आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो.

विसर्जनानंतर छोटे ग्रुप मोडा. नुसतं बाहेर पडून भागत नाही, कारण ग्रुप सोडलेल्यांची यादी उरलेल्यांना 60 दिवस दिसते. शीटमधून पुढच्या वर्षी न येणाऱ्यांच्या ओळी काढून टाका, आणि ती कोणाकोणाला उघडी आहे ते पुन्हा एकदा तपासा.