गडकिल्ले, धरणं, समुद्राचे फोटो काढताय? या चुका टाळा

दर वीकेंडला गडावर नाहीतर कोकणात नवीन कॅमेरा घेतलेली मंडळी भेटतात, आणि त्याच त्याच चुका बघून आता खरंच राग येतो म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक, भरती-ओहोटी न बघता किनाऱ्यावर जाणं. सूर्यास्ताची वेळ सगळे ॲपवर बघतात, समुद्राची कोणी बघत नाही. मीही बघितली नव्हती. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. आम्ही दोघं दुपारी ३ ला आरामात गेलो, किल्ला बघितला आणि परत येताना मधल्या खडकांवर ट्रायपॉड लावले, कारण तिथून सूर्य तटबंदीमागे उतरताना दिसतो. नजर सगळी समोर, आणि पाणी पाठीमागे किनाऱ्याच्या बाजूला भरत होतं. एक घोडागाडीवाले काका परत जाताना ओरडले, "अरे पोरांनो, आज बारस आहे, निघा आधी!" आम्हाला काही कळलं नाही, अजून दहा मिनिटं थांबलो. मग मांडीएवढं पाणी, मित्राचा पाय घसरला आणि कॅमेरा लेन्ससकट खाऱ्या पाण्यात. तो पुन्हा चालू झालाच नाही.

हिशोब नंतर काकांनीच सांगितला. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. बारस म्हणजे बारावी तिथी, बाराची पाऊणपट ९, म्हणजे पूर्ण ओहोटी सव्वातीनच्या आसपास, आम्ही किल्ला बघत होतो तेव्हाच पाणी वळलेलं होतं. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, म्हणून त्या दिवसांत संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला ओहोटी मिळते. पण तेव्हा उधाण असतं, पाणी चढतं पण तेवढंच जोरात. मी आता आधी कॅलेंडरवर तिथी बघतो, मग भरतीच्या तक्त्यात नेमकी वेळ, आणि निघायचा अलार्म लावतो. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याच्या बादलीत.

दुसरी चूक, डोंगर दिसला की वाइड लेन्स. राजगडाच्या संजीवनी माचीवरून १६ एमएमने तोरणा काढतात आणि घरी येऊन म्हणतात एवढासाच आला. येणारच ना, वाइडमध्ये लांबचं सगळं बारीक होतं. मी ७०-२०० एमएमची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावतो, तोरणा भरून येतो आणि मधल्या डोंगररांगा एकामागे एक बसतात. वाइड तेव्हाच, जेव्हा पायाशी काहीतरी आहे, माचीची चिलखती तटबंदी, पाण्याचं टाकं, निदान चांगला कातळ.

सगळं शार्प यावं म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ २२ इतकं बारीक करू नका, उलट मऊ येतं, एफ ८ ते ११ पुरे. पावसाळी हिरवा रंग स्लायडरने पोपटी करू नका, सह्याद्री मुळातच हिरवा आहे. आकाश बदलून देणाऱ्या ॲपबद्दल तर मला बोलायचंच नाही, तीन तास चढून गेलात ते दुसऱ्याचं आकाश चिकटवायला का? हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या टोकावर उभं राहून फोटो नको, झोपून काढा. सूर्य बुडाला की बॅगा भरू नका, खरा रंग बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटांनी येतो.

आणि पावसात भंडारदऱ्याला एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते, मग शर्टाने पुसत बसतात. पुसू नका, ती परत धरते. बॅग एसीत ठेवायचीच नाही, डिकीत ठेवा, आणि पोचल्यावर चहा होईपर्यंत चेन उघडू नका.