हिवाळ्याआधी सोलर आणि गीझरला हात लावताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की माझा फोन थांबत नाही. धुळ्यात काही वर्षी पारा ५-६ अंशांवर उतरतो, आणि वर्षभर गच्चीकडे न फिरकलेल्या माणसाला उद्या सकाळीच कढत पाणी हवं असतं.

सगळ्यात महागात पडते ती एकच चूक: सोलर वॉटर हीटरच्या तापलेल्या, कोरड्या काचेच्या नळ्यांत थंड पाणी सोडणं. देवपुरात एका घरी मुलाने मोबाइलवर बघून सोलरच्या नळ्या उतरवल्या, आतला गाळ धुतला, अकरापर्यंत परत बसवल्या. काम नीट केलं होतं पोराने. पण गच्चीवरची पाण्याची टाकी रिकामी, आणि नळाला पाणी आलं दुपारी एकला. टाकी भरत आल्याबरोबर त्याने सोलरकडे जाणारा व्हॉल्व्ह उघडला. पहिली नळी फुटल्याचा आवाज खाली ओट्यावर ऐकू आला, मग एकामागून एक सात. मी पोचलो तेव्हा गच्चीभर काचा आणि पन्हाळीतून धो धो पाणी. घरचे आप्पा एवढंच म्हणाले, "भाऊ, आठ दिनमा एकदाव पानी येस, ते बी वाही गयं."

उन्हात रिकामी नळी आतून २०० अंशांच्या वर जाते. बाहेरून मात्र हाताला गारच लागते, कारण दोन काचांमध्ये हवा काढून टाकलेली पोकळी असते. तिथेच माणूस फसतो. त्याच पोकळीमुळे ऊन उतरलं तरी ती लवकर निवत नाही. म्हणून मी नळ्या बसवल्या की वर जुनी गोधडी टाकतो आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत पाणी सोडतो. "संध्याकाळी चालणार नाही का?" असं विचारतात. मी नाही सोडत. एका रात्रीने कुणाचं काही अडत नाही.

नळी उतरवलीच आहे तर खालचं टोक बघा. तिथे आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर पोकळी गेली, नळी बदला.

सोलरच्या टाकीवरच्या उघड्या पाइपाला बूच मारू नका. चिमण्या शिरत असतील तर जाळी बांधा.

आता गीझर. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, कॉइलवर चुन्यासारखा थर बसतो. तो काढायला लोक संडासचं अ‍ॅसिड ओततात. थर जातो, पण ते टाकीचं स्टीलही खातं, आणि मग वर्षाच्या आत टाकी गळायला लागते. याची मला खरंच चीड येते. विजेचा मेन स्विच बंद करा, कॉइल बाहेर काढा, कोमट पाण्यात किराणा दुकानातलं लिंबूफूल टाकून रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी थर बोटाने निघतो. सोबत मॅग्नेशियमचा रॉडही तपासा. तो झिजतो म्हणून टाकी वाचते. त्याची नुसती तार उरली असेल तर नवा घाला.

गरम नळाला सलग धार आल्याशिवाय गीझरचं बटण दाबायचं नाही. कोरडी कॉइल बघता बघता जळते.

आणि सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतो म्हणून त्याला प्लग मारलेला मी दोन घरी पाहिलाय. पाणी तापताना फुगतं, त्याला बाहेर पडायला तीच वाट असते. दोन्ही घरी प्लग काढून, व्हॉल्व्ह बदलूनच मी जिना उतरलो.