एकाच संगणकावर दोघांची सत्रे एकाच वेळी चालू ठेवणे

घरातल्या उबुंटू ही कार्यप्रणाली असलेल्या एकाच संगणकावर मुलगी अर्धवट निबंध सोडून उठते आणि वडिलांना वीजबिल भरायचे असते, तेव्हा तिला लॉग आउट करायला लावण्याची काहीच गरज नसते.

आधी सेटिंग्जमधील ‘यूझर्स’ विभागात प्रत्येकासाठी वेगळे खाते तयार करावे, कारण दुसरे खाते नसेल तर ‘स्विच यूझर’ हा पर्याय दिसतच नाही. त्यानंतर वरच्या उजव्या कोपऱ्यातील मेनूत पॉवरच्या चिन्हाखाली असलेला तो पर्याय निवडून दुसऱ्या खात्याने लॉग इन करावे. पहिले सत्र, म्हणजे पहिल्या खात्यात उघडे राहिलेले काम, साधारणपणे कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ या कळा एकत्र दाबल्यावर मिळते, दुसरे एफ३ने. मात्र कळांनी असे सत्र बदलण्यापूर्वी सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली कळ) आणि एल दाबून आपला पडदा कुलूपबंद करावा, कारण अन्यथा या कळांनी कोणीही थेट तुमच्या कामात येऊ शकतो.

मागे राहिलेल्या सत्रातील डाउनलोड चालूच राहते, पण त्याची मेमरीही अडकून राहते. म्हणून ४ जीबी रॅमच्या यंत्रावर दोनांपेक्षा अधिक सत्रे उघडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. संगणक बंद करण्यापूर्वी मात्र दुसऱ्याची फाइल जतन झाली आहे का, हे त्यालाच विचारावे.