व्हीए अप्रेझल : फी कशी ठरते, काम केव्हा आणि कसं नाकारायचं

अमेरिकेत माजी सैनिकांच्या गृहकर्जासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या अप्रेझरला दोन प्रश्न नेहमी पडतात. या कामाची फी किती मागता येते? आणि नको असलेलं काम नाकारायचं कसं? इतर कर्जांच्या कामात दोन्हींची उत्तरं सोपी आहेत. तिथे एएमसीचा, म्हणजे कर्ज देणारी संस्था आणि अप्रेझर यांच्यामधल्या मध्यस्थ कंपनीचा, मेसेज येतो, फी पटली तर काम घ्यायचं, नाही पटली तर सोडायचं. व्हीएच्या, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्सच्या पॅनेलवर असं चालत नाही. इथे फी आणि नकार यांचा निर्णय केस हातात येण्याच्या खूप आधी, आपण कोणत्या काउंट्यांत (जिल्ह्यांत) काम करणार याची यादी भरताना घ्यावा लागतो. हे ध्यानात न घेतल्यानेच पुढची बहुतेक भांडणं होतात.

कारण कायद्यात आहे. माजी सैनिकांच्या कर्जहमीची योजना 1944 च्या जीआय बिलातून आली. अप्रेझर निवडण्याची पद्धत फेडरल कायद्याच्या 38 व्या टायटलमध्ये, कलम 3731 मध्ये दिली आहे : व्हीएने मान्य केलेल्या यादीतून, पाळीपाळीने. लेंडर, म्हणजे कर्ज देणारी संस्था, व्हीएच्या पोर्टलवर केस नोंदवतो, सिस्टिम त्या काउंटीच्या यादीतलं पुढचं नाव उचलते. लेंडरला अप्रेझर निवडता येत नाही. त्याच न्यायाने अप्रेझरने घरं निवडू नयेत, ही अपेक्षा आहे. सोपी घरं घ्यायची आणि वीस एकरांवरचं विहिरीचं घर परत पाठवायचं, हे एकाने सुरू केलं की अवघड कामांचा बोजा पाळीतल्या बाकीच्यांवर पडतो. तिकडे खरेदीच्या करारातली तारीख मात्र धावतच असते, आणि तिचा फटका घर घेणाऱ्या माजी सैनिकाला बसतो.

फीचा तक्ता नीट वाचा

व्हीएची प्रादेशिक कर्ज केंद्रं, म्हणजे आरएलसी, आपल्या राज्यांसाठी फीचा तक्ता आणि कामाची मुदत प्रसिद्ध करतात. तक्त्यातला आकडा ही कमाल मर्यादा असते. तो राज्यानुसार, पुष्कळदा काउंटीनुसार आणि घराच्या प्रकारानुसार बदलतो. एका कुटुंबाचं घर, काँडो, मॅन्युफॅक्चर्ड होम (कारखान्यात बांधून आणलेलं घर), दोन ते चार युनिटांची इमारत, दुरुस्तीनंतरची पाहणी, प्रत्येकाची ओळ वेगळी. तक्ता वेळोवेळी बदलतो, त्यामुळे जुनी प्रत छापून भिंतीवर लावू नका. बिल करताना केस नेमून दिल्याच्या तारखेला लागू असलेला तक्ता उघडून बघा.

तक्त्याखालच्या तळटीपा आकड्यांइतक्याच महत्त्वाच्या असतात. मैलाचे पैसे वेगळे मिळतात का, कोणत्या काउंटीत मुदत जास्त आहे, गुंतागुंतीच्या मालमत्तेसाठी वाढीव फी कोणाकडे मागायची, हे तिथेच सापडतं. मुदत कामाच्या दिवसांत मोजतात, शनिवार-रविवार आणि फेडरल सुट्ट्या सोडून. मोजणी केस नेमून दिल्यापासून सुरू होते आणि अहवाल पोर्टलवर चढवल्यावर थांबते. पाहणीच्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली, तर पहिल्याच केसमध्ये उशीर नोंदला जाईल.

लोन ऑफिसर फोनवर म्हणतो, लवकर द्या, शंभर डॉलर वर देतो. हे पैसे घेऊ नका. कमाल मर्यादेच्या वरची रक्कम आरएलसीच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही, मग देणारा कितीही राजी असो. उलट बाजूनेही हाच नियम लक्षात ठेवा : लेंडरने मधे एएमसी नेमली असेल तर तिचा खर्च लेंडरचा आहे. तो माजी सैनिकाच्या माथी मारता येत नाही, आणि तुमच्या फीतूनही कापून घेऊ देऊ नका. 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्याने अप्रेझरला रूढ आणि वाजवी फी देणं लेंडरवर बंधनकारक केलं. ती ठरवताना सरकारी संस्थांच्या फी तक्त्यांचा आधार घेता येतो. म्हणून व्हीएचा तक्ता इतर कामांत घासाघीस करतानाही कामी येतो.

ही फी आपल्याला परवडते का

काउंटी यादीत घालण्याआधी हा हिशेब करायला हवा. समजा, तक्त्यात 700 डॉलर आहेत आणि घर जाऊन-येऊन 120 मैलांवर आहे. 2025 साठी आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, दर मैलाला 70 सेंट, म्हणजे 84 डॉलर गाडीचे. एमएलएस (दलालांची घरविक्रीच्या नोंदींची यादी), सॉफ्टवेअर आणि विम्याचा या केसवरचा वाटा 60 डॉलर धरू. उरले 556. तुम्ही व्हीएचे नोकर नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहात, त्यामुळे सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स पूर्ण तुमचाच : निव्वळ कमाईच्या 92.35 टक्क्यांवर 15.3 टक्के, इथे सुमारे 79 डॉलर. आयकराआधी हातात राहिले साधारण 477.

आता तास मोजा. प्रवास अडीच, पाहणी दीड, तुलनेतली घरं बाहेरून बघायला दीड, लिखाण चार, फोन आणि टाइडवॉटर (किंमत कमी येणार असेल तेव्हाची आगाऊ सूचना, त्याबद्दल पुढे) अशा गोष्टींसाठी एक. साडेदहा तास, म्हणजे तासाला 45 डॉलर.

तेच घर काउंटीच्या दुसऱ्या टोकाला, 240 मैलांच्या फेरीवर असलं तर गाडीचे 168 डॉलर जातात, प्रवास पाच तासांचा होतो, आणि तासाला 31 डॉलर उरतात. फी तीच, काउंटी तीच. व्हीएच्या यादीत काउंटी अर्धी घेता येत नाही, जवळच्या गावाबरोबर डोंगरामागची वस्तीही येते. म्हणून हिशेब नेहमी काउंटीच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यासाठी करा. तो आकडा पटला तरच काउंटी ठेवा. नवीन माणसं केसेस वाढाव्यात म्हणून आठ-दहा काउंट्या भरतात आणि दोन महिन्यांत उशिराच्या नोंदी गोळा करतात.

टाइडवॉटर या फीतच धरलेलं आहे. आपली किंमत करारातल्या किमतीपेक्षा कमी येणार असं दिसलं, की अहवाल पुरा करण्याआधी केसवर दिलेल्या संपर्काला कळवायचं आणि त्याला विक्रीची आणखी माहिती देण्यासाठी कामाचे दोन दिवस द्यायचे. तुमची किंमत किती येते हे मात्र त्याला सांगायचं नाही. आलेली माहिती वापरली किंवा नाही, आणि का, हे अहवालात लिहायचं. यासाठी वेगळं बिल नाही. किमती झपाट्याने चढत असलेल्या भागात टाइडवॉटर वारंवार येतं, तिथे हिशेबात तास वाढवून धरा.

वाढीव फी मागायची वेळ

केस आली की त्याच दिवशी करार आणि काउंटीच्या नोंदी बघा, आणि संपर्काला फोन करून विचारा : जमीन किती, दुसरं राहतं घर किंवा युनिट आहे का, विहीर आणि सेप्टिक टँक आहे का, वीज-पाणी-गॅस चालू आहे का, माळ्यावर आणि घराखालच्या पोकळीत शिरायला वाट मोकळी आहे का, बांधकाम पुरं झालंय का. व्हीएच्या किमान गरजा तपासताना यातल्या प्रत्येकाकडे बघावंच लागतं, आणि एक जरी उत्तर चुकीचं मिळालं तरी दुसरी फेरी पडते.

या फोनवरून काम खरोखरच गुंतागुंतीचं दिसलं, तर वाढीव फीची विनंती पाहणीआधी करा. विनंतीत केस नंबर, तक्त्यातली फी, मागितलेली फी आणि कारण तासांत लिहा : मागच्या बारा महिन्यांत जवळपास तुलनेची विक्री नाही, शेजारच्या दोन काउंट्यांत शोधावं लागेल, अंदाजे सहा तास जादा. घर मोठं आहे, महाग आहे, एवढंच लिहिलेली विनंती टिकत नाही, कारण महाग घराचं काम अवघड असतंच असं नाही. लेखी होकार येईपर्यंत जुनी फीच धरून चाला. पण काम थांबवू नका, मुदतीचं घड्याळ चालूच असतं.

कधी एका कुटुंबाचं घर म्हणून नोंदवलेली केस प्रत्यक्षात दोन युनिटांची निघते. तिथे फॉर्मही बदलतो, 1004 च्या जागी 1025, आणि तक्त्यातली ओळही. परस्पर दुसरा फॉर्म भरून जास्तीचं बिल लावू नका. लेंडरला कळवा, केसवरची नोंद दुरुस्त करून घ्या, मग पुढे जा. पुढे बिल अडतं ते बहुतेक केसवरची नोंद आणि बिल जुळत नाही म्हणूनच.

नकार कुठे रास्त आहे

हितसंबंध हे पहिलं आणि निर्विवाद कारण. विकणारा नातेवाईक आहे, एजंट तुमचा भागीदार आहे, घरात तुमचा पैसा आहे, तर केस लगेच परत करा. पण याच घराचं अप्रेझल गेल्या तीन वर्षांत केलंय, एवढ्यावर नाकारता येत नाही. यूएसपॅपनुसार, म्हणजे अप्रेझरांच्या व्यावसायिक नियमावलीनुसार, ते काम घेण्याआधी सांगायचं आणि अहवालाच्या प्रमाणपत्रात लिहायचं असतं, त्याने काम आपोआप बाद होत नाही.

दुसरं कारण क्षमतेचं, आणि याचा गैरवापर फार होतो. यूएसपॅपचा कॉम्पिटन्सी रूल नकाराखेरीज दुसरी वाटही देतो : उणीव आधी सांगा, जाणकाराची मदत घेऊन ती भरून काढा, आणि काय केलं ते अहवालात लिहा. एकदाही मॅन्युफॅक्चर्ड होम केलेलं नसेल तर हा मार्ग चालतो. मात्र त्या भागाच्या एमएलएसमध्ये प्रवेशच नसेल तर गोष्ट वेगळी. टेक्सससारख्या राज्यात विक्रीच्या किमती सरकारी नोंदींत जाहीर होत नाहीत, तिथे एमएलएसशिवाय काम करणं म्हणजे अंदाज बांधणं. पण मग ती काउंटी यादीत का होती, हा प्रश्न आरएलसी विचारणारच, आणि तो योग्य आहे.

आजारपण, घरातली अडचण, रस्ता बंद होणं, घरात शिरणं धोक्याचं असणं, हीदेखील चालणारी कारणं आहेत. किमतीसाठी दबाव आला तर केस निमूट सोडू नका, लेखी नोंद करून आरएलसीला कळवा. दबाव आणणं हेच कायद्याविरुद्ध आहे, आणि तुम्ही गप्प राहून बाजूला झालात तर तोच दबाव पाळीतल्या पुढच्यावर येईल.

अंतर, कमी फी, कामाची गर्दी ही कारणं मात्र चालत नाहीत. गर्दी दिसत असेल तर पोर्टलवर आधीच अनुपलब्ध असल्याची नोंद करा. आधी आलेल्या केसेस त्यामुळे परत जात नाहीत, म्हणून गावाला जायचं असेल तर निघण्याच्या दिवशी नव्हे, मुदतीचे दिवस मागे मोजून तारीख टाका. एक गोष्ट अगदी गंभीरपणे घ्या : ठरावीक वस्त्यांतली कामं सतत परत जात असल्याचं दिसलं तर तो 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्याचा विषय होतो. कारण मनात कितीही साधं असलं तरी कागदावर भेदभावच दिसतो.

नाकारायचंच असेल तर केस आल्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. आरएलसीला आणि लेंडरला लेखी कळवा : केस नंबर, पत्ता, नेमून दिल्याची तारीख, कारण एका वाक्यात, घराला भेट दिली की नाही, आणि केस दुसऱ्याला नेमावी ही विनंती. पुढचा अप्रेझर नेमला गेल्याची खात्री होईपर्यंत केस तुमचीच समजा. परस्पर ओळखीच्या अप्रेझरकडे काम सोपवणं साफ चूक आहे, नेमणूक फक्त व्हीए करते. 2019 च्या ब्लू वॉटर नेव्ही कायद्याने तिसऱ्या व्यक्तीने गोळा केलेल्या माहितीवर विसंबण्याची मुभा दिली आहे, पण ती व्हीएच्या अटींत बसवून वापरायची, आणि किमतीची जबाबदारी नेमलेल्या अप्रेझरचीच राहते.

पैसे अडले तर

अहवालासोबतच इन्व्हॉइस चढवा. त्यावर केस नंबर आणि तक्त्यातला घराचा प्रकार लिहा, मंजूर वाढीव फी असेल तर ती वेगळ्या ओळीत दाखवा. कर्ज पुरं झालं नाही तरी फी देणं लेंडरला चुकत नाही, क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा व्यवहार पुरा, झाल्यावर देतो हे उत्तर मान्य करू नका. एएमसीने पैसे दिले नाहीत म्हणून लेंडर सुटत नाही. केस मधेच रद्द झाली तर काम कुठवर आलं होतं त्यावर बिल ठरतं, म्हणून पाहणीची तारीख, फोटो आणि केलेले फोन फाइलमध्ये असू द्या. पैसे मिळेपर्यंत अहवाल अडवून धरू नका, उशीर तुमच्या नावावर लागतो. आधी लेंडरच्या अप्रेझल विभागाला लेखी स्मरण द्या, उत्तर न आल्यास सगळा पत्रव्यवहार जोडून आरएलसीकडे जा. यूएसपॅपप्रमाणे फाइल किमान पाच वर्षं ठेवायची असते, आणि त्या कामावर साक्ष दिली असेल तर कोर्टातलं प्रकरण निकाली निघाल्यानंतर दोन वर्षं, यांपैकी जे नंतर संपेल तोवर. वाढीव फीची पत्रं आणि नकाराचे ईमेलही त्याच फाइलमध्ये ठेवा.