आधी मिठाची बरणी, मग समुद्री शेवाळ: वीगन आहारात आयोडीन कसं मिळवाल?

दूध, अंडी, मासे सोडले की घरचे प्रथिनांची चौकशी करतात, डॉक्टर बी-१२ची. आयोडीन मात्र राहून जातं. मोठ्या माणसाला ते रोज १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना २५०. सतत कमी पडलं तर गलगंड होतो, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते.

शेवाळ आणण्याआधी मिठाची पिशवी वाचा. आपल्याकडच्या आयोडीनयुक्त मिठात ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम असावं असा नियम आहे. म्हणजे दिवसाच्या ५ ग्रॅम मिठातून निदान ७५ मिळतात. उपासाचं सैंधव हल्ली रोजच्या आमटीतही पडतं, त्यात आयोडीन नगण्य. ब्रिटनमध्ये राहत असाल तर तिथलं साधं मीठही बहुधा आयोडीनविनाच असतं.

उरलेली भर नोरीने घाला. नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचा, सुशी या जपानी भाताच्या पदार्थाभोवती गुंडाळतात तो काळपट हिरवा, कागदासारखा पापुद्रा. ग्रॅमला साधारण १६ ते ४३ मायक्रोग्रॅम, आणि एक पान अडीच-तीन ग्रॅमचं. आयोडीनयुक्त मीठ वापरत असाल तर रोज अर्धं ते एक पान पुरे. तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी क्षणभर शेका, पापडासारखं कुरकुरीत झालं की हाताने चुरा आणि भाजलेले तीळ, तिखट घालून कोरडी चटणी करा. मला ती गरम भातावर सगळ्यात आवडते. पावसाळ्यात नोरी लगेच सादळते; घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

वाकामे हे दुसरं समुद्री शेवाळ सूपमध्ये घालायचं तर सुकं चिमूटभरच.

कोंबूपासून, म्हणजे केल्प जातीच्या जाड समुद्री शेवाळापासून, मात्र जपा. ‘शेवाळ पौष्टिक असतं’ एवढंच ऐकून लोक हेच घरी आणतात, ही मला खरी काळजी वाटते. त्याच्या एका ग्रॅममध्ये २००० मायक्रोग्रॅमहूनही जास्त आयोडीन असू शकतं; युरोपात प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ६०० मानतात, अमेरिकेत ११००. अति आयोडीननेही थायरॉइड बिघडतो. दाशी या जपानी सूपच्या मूळ पाण्यात कोंबूचा तुकडा घालून गरम करतात आणि काढून टाकतात, पण आयोडीन तोवर पाण्यात उतरलेलं असतं. म्हणून कोंबूची दाशी रोज पिऊ नका, केल्पच्या गोळ्याही टाळा. त्यांतलं प्रमाण फार कमी-जास्त असतं. हिजिकी हे शेवाळ तर घेऊच नका, त्यात आर्सेनिक असतं. चायना ग्रासही समुद्री शेवाळापासूनच बनतं, पण आयोडीनसाठी त्याच्यावर विसंबू नका.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर नोरी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. गरोदर असाल किंवा बाळाची तयारी करत असाल, तर शेवाळाच्या अंदाजावर न राहता मोजक्या मात्रेची पोटॅशियम आयोडाइडची गोळी घ्यावी का, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.