हस्ताचा पाऊस आणि हिवाळी रोपं

गणपती गेले की परसात आणि गच्चीवर पुन्हा मातीत हात घालावासा वाटतो. हिवाळी भाज्या आणि फुलांची रोपं टाकायची हीच वेळ. पण आभाळ अजून पुरतं निवळलेलं नसतं. २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त लागतो आणि त्याची एखादी सर अशी कोसळते की उघड्या वाफ्यातलं बी मातीसकट वाहून जातं. म्हणून सप्टेंबरातलं बी ट्रेमध्ये, छपराखाली पण भरपूर उजेडात टाका. उघड्यावरचा गादीवाफा, म्हणजे उंच केलेला वाफा, ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावरच करा.

सगळं बी एका दिवशी टाकण्याचा मोह आवरा. मिरची आणि वांगी सावकाश वाढतात. मिरचीला लावणीलायक व्हायला सहा आठवडे लागतात, वांग्याला पाचेक. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर चार आठवड्यांत तयार होतात. तेव्हा मिरची-वांगी सप्टेंबरच्या मध्याला टाका आणि बाकीची पंधरा दिवसांनी. ऑक्टोबरअखेरीस सगळी रोपं एकदमच हाताशी येतील. मुळा, गाजर, मेथी, पालक यांची रोपं करत बसू नका, ती जागेवरच पेरायची. गाजर-मुळ्याचं रोप उपटून लावलं की मूळ वाकडं होतं, त्याला फाटे फुटतात. धने पेरण्याआधी हलके रगडून त्यांच्या दोन डाळ्या करा.

बी जुनं असेल तर आधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सात-आठ दिवसांत सहाच उगवले, तर त्या हिशेबाने दाट टाका. मिरचीला अजून चार दिवस द्या. कांद्याचं आणि ॲस्टरचं बी वर्षभरातच दम तोडतं, ते दरवर्षी नवं घ्यावं. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं, तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. त्याला पुन्हा काही लावायला नको. मुलांच्या हाती देऊ नका, हात साबणाने धुवा. साध्या किंवा घरच्या बियांना मात्र ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, चोळा, किलोला ५ ग्रॅम या प्रमाणात. घरच्या पुडीएवढ्या बियांना चिमूटभर पुरते.

ट्रेसाठी दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत पुरेसं आहे. ओलं शेणखत अजिबात नको. बी त्याच्या जाडीच्या दुपटीहून खोल पुरू नये. पेटुनियाचं बी धुळीसारखं असतं. ते बारीक वाळूत मिसळून वर नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. बाकी ट्रेवर ओलं गोणपाट टाका आणि तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी उचलून बघा. पहिला मोड दिसला की गोणपाट काढून टाका. एक दिवस उशीर झाला तरी रोपं पिवळी, लेचीपेची होतात.

आता पाण्याचं. घरची रोपं मरतात ती बहुतेक जास्त पाण्याने, तहानेने क्वचितच. संध्याकाळी पाहिलं तर रोपं हिरवीगार असतात आणि सकाळी जमिनीलगत कंबर मोडून आडवी पडलेली. खोड तिथे काळपट, दोऱ्यासारखं बारीक झालेलं. याला रोप कोलमडणं म्हणतात. सतत ओल्या मातीत पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशी वाढतात आणि त्या हे करतात. एके वर्षी मी ढगाळ हवेतही सकाळ-संध्याकाळ झारी फिरवत राहिलो आणि तीन रात्रींत टोमॅटोचा अख्खा ट्रे गेला. तेव्हापासून पाणी फक्त सकाळी देतो, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकतो. बोट मातीवर टेकवून ओल लागली, तर त्या दिवशी पाणी नाही. शक्य असेल तर परातीत दोन बोटं पाणी घेऊन त्यात ट्रे पंधरा-वीस मिनिटं ठेवावा. माती खालून ओल ओढून घेते आणि खोडाशी पाणी साचत नाही.

कोलमडलेलं रोप पुन्हा उठत नाही. ते मातीसकट काढून लांब टाका, पाणी थांबवा, ट्रे वाऱ्यावर ठेवा. पसरतंय असं वाटलं तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन मुळाशी ओता, पण त्याच्या जोडीने ट्रायकोडर्मा घालू नका, तीही बुरशीच आहे आणि मरते.

गॅलरीत रोपं करणाऱ्यांनी दिशा नीट बघावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेच्या गॅलरीत दिवसभर ऊन येतं, उत्तरेच्या गॅलरीत जवळजवळ नाहीच. तिथे टोमॅटो-मिरचीचा हट्ट धरू नका. मिरचीच्या ट्रेवर पहिल्या दिवसापासून बारीक नायलॉन जाळी घाला. बोकड्या हा पानं आकसवणारा रोग पसरवणारी पांढरी माशी आणि पानं चुरडवणारे फुलकिडे कोवळ्या रोपांवरच आधी बसतात.

दसऱ्याच्या तोरणातला झेंडू पुढल्या वर्षी पेरायला ठेवावा का, असं पुष्कळजण विचारतात. तोरणाची फुलं बी भरण्याआधीच तोडलेली असतात, त्यामुळे त्यातलं बरंच बी फोल निघतं. त्यापेक्षा आपल्या झाडावरची दोन-तीन फुलं देठाशी तपकिरी होईपर्यंत राखा. संकरित वाणाच्या बियांतून मात्र आईसारखीच फुलं येतील असं धरू नका. आता टाकलेला झेंडू मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला हाताशी येतो.

लावणीच्या चार-पाच दिवस आधी पाणी कमी करून रोपं उन्हात कणखर करा. काढायच्या दिवशी सकाळी भिजवा आणि ऊन उतरल्यावर लावा. टोमॅटोचं रोप खालच्या पानांपर्यंत खोल लावलं तरी चालतं, खोडाला मुळं फुटतात. मिरची-वांगी ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर लावा. फ्लॉवरचा शेंडा मातीत गाडू नका. आणि सगळी रोपं लावून टाकू नका. दहा-बारा ट्रेमध्येच राखा, आठवड्याने नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला लागतात.