सिबिल रिपोर्टमध्ये चूक किंवा नावावर परस्पर काढलेलं कर्ज निघालं, तर

‘सिबिल बसत नाही’ एवढ्या तोंडी उत्तरावर कर्जाचा अर्ज परत आला, तर दोन गोष्टी लेखी मागा: नाकारण्याचं कारण आणि बँकेने पाहिलेल्या क्रेडिट रिपोर्टची प्रत. क्रेडिट माहिती कंपन्यांसंबंधीच्या 2005 च्या कायद्यातलं कलम 21 अर्जदाराला ही प्रत मागण्याचा हक्क देतं.

सिबिल हे चारांपैकी एका ब्युरोचं, म्हणजे लोकांच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचं, नाव आहे. बाकीचे तीन म्हणजे एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि फायनान्स कंपन्यांनी चौघांकडेही माहिती द्यायची असते, त्यामुळे चूक बहुधा एकाच ठिकाणी नसते. चारही रिपोर्ट काढा. प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा स्कोअरसकट पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. वेबसाइटवर पैसे भरायची पॅकेजं समोर येतील, त्यांची गरज नाही. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर घसरत नाही.

वाचताना स्कोअर बाजूला ठेवा. ‘माझा स्कोअर कमी का’ ही तक्रार टिकत नाही. ‘अमुक खात्याची अमुक नोंद चुकीची आहे’ ही टिकते. नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ता आधी तपासा. पॅनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल, किंवा आडनाव-नाव सारखंच असलेला दुसरा कुणी असेल, तर दोघांची खाती एकाच रिपोर्टमध्ये मिसळू शकतात. मग खात्यांकडे वळा. प्रत्येक खात्याखाली महिन्यागणिक चौकटी असतात. 000 म्हणजे थकबाकी नाही, 030 म्हणजे हप्ता 30 दिवस थकलेला. ‘एक्सएक्सएक्स’ दिसलं तर घाबरू नका. बँकेने त्या महिन्याची माहिती दिली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दोन नोंदी लोक हमखास चूक समजतात. तडजोडीत काही रक्कम माफ करून घेतली असेल, तर ‘सेटल्ड’ हा शेरा खराच आहे. उरलेली रक्कम भरून नवा नो ड्यूज (काहीच देणं बाकी नसल्याचा दाखला) घेतल्याशिवाय तो ‘क्लोज्ड’ होत नाही. आणि जामीनदार म्हणून सही केली असेल, तर ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसणारच. ‘मी तर फक्त सही केली होती’ याला कायद्यात किंमत नाही.

खरी चूक सापडली की तक्रार ब्युरोकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे एकाच दिवशी करा. कायद्यानुसार ब्युरोला नोंद परस्पर बदलता येत नाही. संबंधित बँकेने ‘दुरुस्ती बरोबर आहे’ असं कळवल्यावरच ती बदलते. नुसती ब्युरोची वेबसाइट धरून बसलेल्यांची प्रकरणं इथेच अडतात. बँकेतही शाखेच्या काउंटरवर विनवण्या करू नका. ब्युरोकडे डेटा मुख्य कार्यालयातून जातो, म्हणून तक्रार निवारण अधिकारी किंवा नोडल अधिकाऱ्याला ईमेल करा. बँकेने ते कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला) विकलं असेल, तर तिलाही प्रत पाठवा.

मजकूर असा नेमका हवा: ‘खाते क्रमांक (शेवटचे चार आकडे) अमुक तारखेला पूर्ण फेडले असून नो ड्यूज दाखला सोबत जोडला आहे. रिपोर्टमध्ये याच खात्यावर अमुक रुपये थकीत दिसतात. ही नोंद दुरुस्त करून चारही ब्युरोंना कळवावे.’ सोबत नो ड्यूज किंवा नील दाखला, शेवटचा हप्ता दाखवणारा खातेउतारा, पॅनची प्रत आणि खूण केलेलं रिपोर्टचं पान जोडा. रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर (त्या रिपोर्टचा ओळख क्रमांक) लिहायला विसरू नका. ‘माझं सिबिल दुरुस्त करून द्या’ अशा मोघम अर्जाला तितकंच मोघम उत्तर येतं.

तक्रार पोचल्यापासून 30 दिवस मोजा. ब्युरोने किंवा तुम्ही कळवल्यापासून 21 दिवसांत बँकेने सुधारित माहिती ब्युरोला द्यायची असते. एकूण 30 दिवस उलटले, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2023 च्या परिपत्रकाचा हा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. 45 व्या दिवशी निकाल लागला, तर 15 दिवसांचे 1500 रुपये होतात. बँकेने 21 दिवस पाळले नाहीत तर भरपाई बँक देते, बँकेने वेळेत कळवूनही ब्युरो रेंगाळला तर ब्युरो. निकालानंतर पाच कामकाजी दिवसांत पैसे खात्यात यायला हवेत, म्हणून तक्रारीतच बँक खातं किंवा यूपीआय आयडी द्या. रक्कम मोठी नाही, पण तारखा मोजणाऱ्या तक्रारदाराची फाइल लवकर हलते. तक्रार फेटाळली, तर कारण सांगणं त्यांना बंधनकारक आहे.

न घेतलेलं कर्ज नावावर दिसलं, तर वाट वेगळी. कर्ज देणाऱ्या संस्थेला ‘हे कर्ज मी घेतलेलं नाही’ असं त्याच दिवशी लेखी कळवा आणि मागा: अर्ज, केवायसीचा फोटो, वापरलेला मोबाइल क्रमांक, करारावरच्या ई-सहीची नोंद आणि पैसे कोणत्या खात्यात गेले त्याचा यूटीआर (बँक व्यवहाराचा ओळख) क्रमांक. शेवटची मागणी सर्वांत मोलाची. डिजिटल कर्जाचे पैसे, मोजके अपवाद सोडले, तर थेट कर्जदाराच्याच खात्यात गेले पाहिजेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमच्या खात्याचा त्या तारखेचा उतारा कोरा असेल, तर त्यांना उत्तर देणं अवघड जातं.

वसुलीवाले फोनवर म्हणतील, ‘दोन-तीन हजारच आहेत, भरून टाका, नोंद बंद करतो.’ एक रुपयाही भरू नका. भरलं की कर्ज तुम्ही मान्य केलं असा अर्थ निघू शकतो, शिवाय नोंद ‘सेटल्ड’ म्हणून राहू शकते.

पोलिसांकडे राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा 1930 वर तक्रार नोंदवा आणि पोचक्रमांक ठेवा. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खालचा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर मिळालं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 चा उल्लेख करून झिरो एफआयआरचा (हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात नोंदवायच्या गुन्ह्याचा) आग्रह धरा. पोलिसांनी नोंद घेतलीच नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज करता येतो आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. न मागितलेलं क्रेडिट कार्ड असेल, तर कार्ड सुरू होण्याआधी त्याची नोंद ब्युरोकडे पाठवायलाच मनाई आहे, हे पत्रात लिहा.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे (ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) तिच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी 14448. ब्युरोही सप्टेंबर 2022 पासून या ओम्बड्समन योजनेत आहेत. योजनेबाहेरच्या छोट्या सहकारी बँकेबद्दलची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयातल्या ग्राहक शिक्षण आणि संरक्षण कक्षाकडे जाते. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे, पण क्रम सांभाळा: तेच प्रकरण आयोगात किंवा कोर्टात असताना ओम्बड्समन ते घेत नाही आणि रोजच्या 100 रुपयांचा नियमही लागू होत नाही.

दुरुस्ती झाल्याचा मेसेज आला की चारही रिपोर्ट पुन्हा पाहा. फसवणुकीच्या कर्जाचं खातं निघालं, तरी त्या अर्जाच्या वेळी झालेली चौकशीची नोंद एन्क्वायरीच्या रकान्यात तशीच राहू शकते. ती काढायची मागणी वेगळी, तारीख आणि संस्थेचं नाव घालून करावी लागते.